निम्मा अभ्यास वर्गाबाहेर

बारावीचा निकाल लागला, की नाशिकच्या जुन्या मध्यवर्ती बसस्थानकावर आणि जवळच्या ठक्कर बाजारात एक वेगळी गर्दी दिसू लागते. पेठ, सुरगाणा, कळवण, सिन्नर, येवला अशा तालुक्यांतून आलेली मुले-मुली, सोबत वडील, काका किंवा मोठा भाऊ, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली कागदपत्रे. कोणाला कॉलेज रोडला जायचे असते, कोणाला गंगापूर रोडला, कोणाला वसतिगृहाची चौकशी करायची असते. प्रवेश मिळेपर्यंत घरचे आणि शाळेचे सगळे पाठीशी असतात. प्रवेश झाला, की आपण सारे सुटकेचा श्वास टाकतो. विद्यार्थ्याची खरी कसोटी मात्र त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत असते.

या महिन्यांत काय होते, हे शिक्षकांच्या परिचयाचे आहे. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी पहिल्याच अंतर्गत चाचणीत जेमतेम काठावर येते. वर्गात सांगितलेले समजल्यासारखे वाटते, पण घरी वही उघडली की काही आठवत नाही. विचारायचे कोणाला, हे कळत नाही. शेजारी बसणारे सगळे हुशार वाटू लागतात. हळूहळू ती अशा निष्कर्षाला येते, की 'हे आपले काम नाही.' काही जण तासांना बसणे सोडतात. काही दिवाळीला गावी जातात ते परत येत नाहीत.

या निष्कर्षात बुद्धीवर जो ठपका ठेवला जातो तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. शाळेतून विद्यापीठात जाताना अभ्यासाच्या कामाचे स्वरूपच बदलते आणि तो बदल कोणी सांगितलेला नसतो. हा बदल नेमका काय आहे, शिकण्याविषयी झालेले प्रयोग त्याबद्दल काय सांगतात आणि दहावी-बारावीच्या शिक्षकांना त्याची तयारी कशी करून घेता येईल, ते आपण या लेखात पाहू.

विद्यापीठ कोठे असते?

पहिला गोंधळ अगदी साधा असतो. 'मी विद्यापीठात शिकतो' म्हणजे नेमके कोठे शिकतो? नाशिक जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. गोखले एज्युकेशन सोसायटीचे १९२४ साली सुरू झालेले महाविद्यालय, म्हणजे आजचे एचपीटी कला व आरवायके विज्ञान महाविद्यालय, हे त्यांतील जुने नाव. येथे शिकवणारे प्राध्यापक महाविद्यालयाचे असतात, पण अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षेचे नियम करणे आणि पदवी देणे ही कामे सुमारे दोनशे किलोमीटरांवरच्या पुण्यातील विद्यापीठाची असतात. काही महाविद्यालये स्वायत्त असतात. ती अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते.

शाळेत एकच व्यक्ती शिकवते, तपासते, रागावते आणि पालकांना बोलावते. येथे ही कामे निरनिराळ्या ठिकाणी वाटली गेलेली असतात. परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला, तर तो वर्गावरच्या प्राध्यापकांना कळेलच असे नाही. सूचना फलकावर किंवा संकेतस्थळावर लागते. ती वाचणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी. म्हणून पहिल्या आठवड्यातच अभ्यासक्रमाची प्रत मिळवणे, मागील प्रश्नपत्रिका पाहणे आणि कार्यालयाची वेळ लिहून ठेवणे, ही तीन कामे विद्यार्थ्याने स्वतः केली पाहिजेत. आपला अभ्यासक्रम मुळात किती आहे, हे पहिले सत्र संपेपर्यंत न पाहिलेले विद्यार्थी थोडे नसतात.

श्रेयांकांचे गणित

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. तिचा पाया श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट हा आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. एका सत्रात ते साधारण वीस येतात.

एक श्रेयांक म्हणजे किती काम? आठवड्याला एक तासिका, याप्रमाणे पंधरा आठवड्यांच्या सत्रात १५ तासांचे अध्यापन. परंतु २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १,२०० तासांचे शिकणे असे धरले आहे. म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. त्यांतले १५ तास वर्गात जातात. मग उरलेले १५ कोठे गेले? ते विद्यार्थ्याने स्वतः करायच्या अभ्यासाचे आहेत.

आता आपण एक आठवडा मांडून पाहू. वीस श्रेयांक गुणिले ३० म्हणजे सत्राला ६०० तास. त्याला १५ आठवड्यांनी भागले की आठवड्याचे ४० तास येतात. सर्व विषय तासिकांचे असतील, तर २० तास वर्गात आणि २० तास वर्गाबाहेर. विज्ञान शाखेत हिशोब थोडा बदलतो, कारण प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास प्रयोगशाळेतच लागतात. समजा, १४ श्रेयांक तासिकांचे आणि ६ प्रात्यक्षिकांचे आहेत. मग आठवड्याला १४ तास वर्गात, १२ तास प्रयोगशाळेत आणि १४ तास स्वतःचे.

दुपारी एक-दोन वाजता तास संपले, की नव्या विद्यार्थ्याला वाटते, कॉलेजात फार मोकळा वेळ असतो. वरच्या हिशोबावरून दिसते, की तो वेळ मोकळा नाही. वेळापत्रकात न छापलेल्या तासिकांचा तो वेळ आहे. बारावीत हे तास दिसत नव्हते, कारण शाळा आणि शिकवणी मिळून ते दुसऱ्या कोणीतरी भरलेले असत.

यातच प्रवासाची भर पडते. एका बाजूला दीड तास एसटीचा प्रवास असेल, तर रोजचे तीन आणि सहा दिवसांचे १८ तास झाले. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांतून अभ्यासाचे ४०, रोज आठ तासांप्रमाणे झोपेचे ५६ आणि प्रवासाचे १८ वजा केले, तर ५४ उरतात. म्हणजे दिवसाला पावणेआठ तासांच्या आसपास. त्यांत स्वयंपाक, आंघोळ, कपडे, घरचे काम, शेतावरची मदत, मित्र आणि मोबाइल सर्व बसवायचे. 'कमवा आणि शिका' योजनेत किंवा एखाद्या दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशोब याहून तंग असतो. वसतिगृह की ये-जा, हा निर्णय घरी बहुधा फक्त पैशांच्या अंगाने होतो. तो घेताना हे १८ तासही तागडीत टाकले पाहिजेत. ये-जा करणे अटळ असेल, तर निदान दोन तासिकांमधला रिकामा वेळ ग्रंथालयात घालवायचा, हे आधीच ठरवलेले बरे.

गंगापूर धरणाजवळचे विद्यापीठ

शिक्षक समोर नसताना शिकायचे कसे, हा प्रश्न नाशिकला नवा नाही. त्याच प्रश्नावर उभे असलेले एक विद्यापीठ या शहराजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी झाली. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. नोकरी करणारे, शेती करणारे, संसारात अडकल्याने शिक्षण सुटलेले अशा लोकांपर्यंत पदवी नेणे हा त्यामागचा हेतू होता. बारावी न झालेल्यांनाही पदवीच्या वाटेवर येता यावे, म्हणून या विद्यापीठाने 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रमच काढला.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला रोजचा वर्ग नसतो. अभ्यासकेंद्रावर अधूनमधून संपर्कसत्रे होतात, तेथे समंत्रक भेटतात. बाकी सर्व पुस्तकावर अवलंबून. म्हणून दूरशिक्षणाचे पुस्तक साध्या क्रमिक पुस्तकापेक्षा वेगळे लिहावे लागते. घटकाच्या आरंभी, 'हा घटक वाचल्यावर तुम्हांला काय काय सांगता आले पाहिजे' याची यादी असते. मजकुराचे लहान तुकडे पाडलेले असतात. दर तुकड्यानंतर स्वतःला विचारायचे प्रश्न असतात आणि उत्तर पडताळून पाहण्याची सोय केलेली असते. वर्गातला शिक्षक जे करतो, म्हणजे उद्देश सांगणे, मध्येच थांबून विचारणे, चूक दाखवणे, ते सारे पुस्तकात बसवण्याचा हा प्रयत्न आहे.

श्रेयांकांच्या हिशोबाने पाहिले, तर नेहमीच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही निम्म्या वेळापुरता मुक्त विद्यापीठाचाच विद्यार्थी असतो. फरक एवढाच, की त्याच्या हातातल्या पुस्तकात मध्येच थांबवून प्रश्न विचारणारे कोणी नसते. ते काम त्याला स्वतः करावे लागते. शाळेने विद्यार्थ्याला देण्याजोगी सर्वांत उपयोगी शिदोरी हीच, असे आम्हांला वाटते. स्वतःला प्रश्न विचारण्याला इतके महत्त्व का, ते आता पाहू.

'वाचले' आणि 'आले' यांतील अंतर

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या त्याने पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो, हे मोजले. पहिल्यांदा लागलेल्या वेळेतला वाचलेला भाग, म्हणजे आठवणीचा शिल्लक ठेवा. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४ आणि एका महिन्यानंतर २१ टक्के. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो, हे यातून दिसले.

अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो. म्हणून हे आकडे जसेच्या तसे भौतिकशास्त्राच्या धड्याला लावता येणार नाहीत. उताराची दिशा मात्र तीच राहते. सोमवारी ऐकलेला तास रविवारी उघडायचा ठरवला, तर बरीचशी पडझड आधीच झालेली असते. त्याच संध्याकाळी दिलेली पंधरा मिनिटे रविवारच्या तासाभरापेक्षा कामी येतात, ती यामुळे.

पण त्या पंधरा मिनिटांत करायचे काय? बहुतेक विद्यार्थी वही पुन्हा वाचतात. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो तीनदा वाचून एकदा न पाहता लिहून काढला. तिसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि पुढचे तीनही वेळा न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवले, तर तीनदा लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. चार वेळा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि तीनदा लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

या प्रयोगातली सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की 'आठवड्यानंतर तुम्हांला किती आठवेल?' असे विचारले तेव्हा चार वेळा वाचणाऱ्या गटाचाच आत्मविश्वास जास्त होता. मजकूर पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेला, की तो ओळखीचा होतो आणि ओळखीचे झाले म्हणजे आपल्याला आले, असे मन मानते. रस्त्यावर एखादा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसेच हे. परीक्षेत मात्र नाव लागते. वही मिटून आठवताना जो ताण पडतो तो विद्यार्थ्याला 'येत नाही' असे सांगणारा वाटतो. वास्तविक आठवण पक्की होण्याचे काम त्या ताणातच होत असते.

झोपेचाही येथे संबंध आहे. दिवसभरात शिकलेले झोपेत अधिक स्थिर होते, हे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. अठरा ते पंचवीस वयात सात ते नऊ तास झोप आवश्यक मानली जाते. वसतिगृहात दिवे उशिरापर्यंत चालू असतात, खोलीत चौघे असतात आणि हातात मोबाइल असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचणारा विद्यार्थी वाचण्याचा वेळ वाढवतो आणि टिकण्याची सोय कमी करतो.

इंग्रजीची भिंत

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण असते. विज्ञान शाखेत माध्यमाचा बदल अकरावीतच झालेला असतो, पण तेव्हा शिकवणी आणि मार्गदर्शक पुस्तके यांवर निभावून नेलेले असते. पदवीला जाड इंग्रजी संदर्भग्रंथ समोर येतो आणि एक पान वाचायला अर्धा तास लागतो.

यामागचे कारण समजून घेतले तर धीर येतो. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टींची संख्या मर्यादित असते. वाचकाची ही जागा शब्दांचे अर्थ लावण्यातच भरून गेली, तर मुख्य कल्पनेसाठी ती उरत नाही. त्यामुळे कल्पना अवघड नसली तरी अवघड वाटते. यावर उपाय म्हणजे दोन ओझी एकदम न उचलणे. आधी ती कल्पना मराठीतून, शाळेच्या पुस्तकावरून का होईना, समजून घ्यावी आणि मग इंग्रजी पान वाचावे. आता नवीन फक्त भाषा राहते.

कोणते शब्द अडवतात, हेही पाहावे. मोठमोठ्या पारिभाषिक संज्ञा फारशा अडवत नाहीत, कारण त्यांची व्याख्या दिलेली असते. अडवतात ते साधे दिसणारे शब्द. 'सोल्यूशन' म्हणजे रसायनशास्त्रात द्रावण आणि गणितात उकल. 'नॉर्मल' म्हणजे व्यवहारात सर्वसाधारण, पण भूमितीत लंब. 'मीन' म्हणजे अर्थ होणे आणि सांख्यिकीत सरासरी. त्याहून अधिक घात करतात ते 'अनलेस', 'व्हेअरॲज', 'हेन्स', 'प्रोव्हायडेड' यांसारखे जोडशब्द. त्यांच्यावर सबंध वाक्याचा अर्थ फिरतो आणि शब्दकोशात ते कोणी पाहत नाही. अशा पन्नासेक शब्दांची वही बारावीच्या सुट्टीत करून ठेवली, तर पहिल्या सत्रात तिचा उपयोग होतो.

एकट्याने की मिळून?

१९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला एक प्रश्न पडला. विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवत. प्राध्यापकांना कारणे विचारली तेव्हा ठरावीक उत्तरे आली: जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमनने या उत्तरांवर विसंबून न राहता दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते कसा अभ्यास करतात, हे त्यांच्या सहवासात राहून पाहिले.

सांगितलेली चारही कारणे टिकली नाहीत. यातले बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी आपापल्या शाळांतले अव्वल होते आणि घरच्यांनी त्यांच्यासाठी पुष्कळ सोसले होते. फरक दुसराच निघाला. हे विद्यार्थी आठवड्याला सहा ते आठ तास, सांगितल्याप्रमाणे, पण एकटे बसून अभ्यास करत. अभ्यास आणि दोस्ती यांचे कप्पे त्यांनी वेगळे ठेवले होते. चिनी विद्यार्थी सुमारे चौदा तास देत. त्यांतला बराच भाग एकट्याने, आणि नंतर एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासण्यात. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते खरोखरच अवघड आहे, हे त्यांना कळत असे. एकटा बसणारा मात्र तेवढ्यावरून स्वतःलाच कच्चा समजत असे.

ट्राइसमनने मग कार्यशाळा सुरू केल्या. त्या 'कच्च्या' मुलांसाठीच्या उजळणीच्या नव्हत्या. तेथे नेहमीपेक्षा अवघड गणिते देऊन ती गटात सोडवायला लावत. या कार्यशाळांत आलेले विद्यार्थी वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने, पुष्कळदा पुढेही, जाऊ लागले.

सुरगाण्याहून किंवा पेठहून आलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीत डोकावले, तर काय दिसेल? बहुधा तो गावाकडच्या मित्रांबरोबर राहतो, जेवतो, फिरतो, आणि अभ्यासाला मात्र एकटा बसतो. त्याच खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी चौघांनी उत्तरे पडताळून पाहायची ठरवली, तर त्याला वेगळा खर्च येत नाही. नियम एकच: आधी प्रत्येकाने स्वतः सोडवून यायचे. नाहीतर एक सोडवतो आणि तिघे उतरवून घेतात.

'मी इथला नाही'

नवख्या विद्यार्थ्याच्या मनात, बोलून न दाखवलेली, एक शंका असते: या ठिकाणी माझ्यासारख्याला जागा आहे का? कपडे, बोली, इंग्रजी, उपाहारगृहातला खर्च, सगळ्यांवरून ती डोके वर काढते. शंका असली की प्रत्येक छोटी गोष्ट तिचा पुरावा ठरते. प्राध्यापकांनी घाईत उत्तर दिले, चाचणीत कमी गुण पडले, कोणी डब्याला बोलावले नाही. 'बघा, मी इथला नाहीच.'

वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभरात वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. त्यांचा आशय असा, की सुरुवातीला परके वाटणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते आणि ते काळाने ओसरते. नंतर त्यांनी स्वतःचा अनुभव पुढच्या तुकडीसाठी लिहिला. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतले अंतर निम्म्यावर आले. २०२३ साली २२ संस्थांतील २६ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हा उपाय तपासला गेला तेव्हा एक मर्यादाही दिसली: जेथे विद्यार्थ्याला प्रत्यक्षात सामावून घेतले जाते तेथेच तो लागू पडतो. नुसत्या धीराच्या शब्दांनी वसतिगृहाची खोली किंवा भेटायला तयार असलेला प्राध्यापक यांची जागा भरून निघत नाही.

परकेपणा वेगळा आणि छळ वेगळा, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही विनाशुल्क मदतवाहिनी आहे. मन फारच खचले, तर शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक शाळेच्या फलकावर बारावीच्या निरोपाआधी लिहायला हरकत नाही.

शाळेत काय करता येईल?

वरील विवेचनातून निघणारी काही कामे आपण दहावी-बारावीच्या वर्गात, नेहमीच्या वेळापत्रकात बसवू शकतो.

१. एक घटक न शिकवणे. सत्रातून एक सोपा घटक निवडावा. विद्यार्थ्यांना आधी दहा प्रश्न द्यावेत आणि तो घटक स्वतः वाचायला सांगावा. तासाला शिक्षकांनी फक्त अडलेले सोडवावे. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकासारखेच हे आहे. पुढच्या सत्रात प्रश्नही विद्यार्थ्यांनाच काढायला लावावेत.

२. वही मिटून पाच मिनिटे. तास संपताना कोऱ्या कागदावर आजचे आठवेल तेवढे लिहायचे, मग वही उघडून राहिलेले दुसऱ्या रंगात भरायचे. कागद तपासायचा नाही, गुणही द्यायचे नाहीत. दुसऱ्या रंगातला मजकूर म्हणजे आज संध्याकाळचा अभ्यास.

३. १६८ तासांचा तक्ता. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला एक खरा आठवडा तासातासाने मांडावा. गणिताच्या तासाला हा उपक्रम चांगला होतो. मोबाइलचे तास प्रामाणिकपणे लिहिले, तर शिक्षकांना उपदेश करावा लागत नाही.

४. चौघांचा गट. आठवड्यातून एकदा एक अवघड गणित किंवा प्रश्न द्यावा. आधी पंधरा मिनिटे एकट्याने, मग पंधरा मिनिटे गटात.

५. माजी विद्यार्थ्यांची भेट. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातली मुले गावी येतात. त्यांतल्या तिघा-चौघांना बोलवावे. पहिल्या नंबरात आलेल्यांबरोबरच पहिल्या सत्रात गडबडून नंतर सावरलेल्यांना आवर्जून बोलवावे. त्यांनी आपली यशोगाथा सांगू नये. पहिल्या तीन महिन्यांत काय अडले आणि कोणाला विचारले, तेवढेच सांगावे.

६. कागदपत्रांची पिशवी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची यादी अकरावीतच हाती द्यावी. राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी'वर भरावे लागतात आणि एका दाखल्यावाचून ते अडतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. मुलीला पुढे शिकवायचे की नाही, हा निर्णय काही घरांत या एका माहितीवर बदलू शकतो. अटी आणि मुदती दर वर्षी पाहून घ्याव्यात.

या सहांपैकी पहिल्या चार गोष्टींना ना खर्च आहे, ना परवानगी लागते. त्या नियमित केल्या तर बारावीचे गुणही घटणार नाहीत, उलट वाढतील, असे वरच्या प्रयोगांवरून म्हणता येते. त्याहून मोठा लाभ पुढचा आहे. पहिल्या चाचणीत कमी गुण पडलेली मुलगी तेव्हा असा विचार करू शकेल: माझे स्वतःचे तास किती भरले? मी नुसते वाचले, की वही मिटून लिहिले? एकटी बसले, की कोणाबरोबर पडताळून पाहिले? या प्रश्नांना उत्तरे आहेत आणि ती तिच्या हातातली आहेत. 'माझी बुद्धीच कमी' या वाक्यापुढे मात्र करण्यासारखे काही उरत नाही.

यंदाच्या वर्गात यांपैकी एखादी गोष्ट करून पाहावी आणि ते विद्यार्थी पुढच्या वर्षी दिवाळीत गावी आले, की त्यांना विचारावे, कशाचा उपयोग झाला आणि काय कमी पडले. त्यांच्या उत्तरांवरून आपली यादी दुरुस्त करता येईल.